डॅशबोर्डवरची दिवाळी

आधीच कबूल करते, मला गाडीतलं काहीही कळत नाही. म्हणजे कळत नव्हतं. आता मात्र एसीची नॉब न तोडता कशी ओढायची, पॅनेलच्या क्लिपा कुठे असतात आणि टी-५ बल्ब वेगळा, टी-१० वेगळा, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. मास कॉमच्या दोन वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं. तिथे आम्ही डॉक्युमेंटरीचं लायटिंग शिकलो. डॅशबोर्डचं लायटिंग शिकायला छावणीतली आमची गल्ली लागली, एक शनिवार लागला आणि पप्पांची एकसष्टी लागली.

तर आमची गाडी. २००८ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिचा काही दोष नाही. सतरा वर्षांत बल्ब कुणाचाही जातो. पप्पांनी ती वाळूजच्या नोकरीत असताना हप्त्यावर घेतली. त्याआधी ते स्कूटरने जायचे, तिन्ही शिफ्टला. २०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली, आरटीओत पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला. त्याच वर्षी शहराचं नावही बदललं. पाटीवरचं एमएच २० मात्र तेच राहिलं.

बाहेरच्यांना हे शहर लेण्यांचं वाटतं. आम्हाला विचाराल तर हे गाड्यांचं शहर आहे, बॉस. वाळूजला १९८५ पासून बजाजची फॅक्टरी. शेंद्र्याला २००१ मध्ये स्कोडा आली, ऑक्टाव्हिया तिथेच जोडली जायला लागली. आणि २०१० च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या लोकांनी मिळून एका दमात दीडशेच्या आसपास मर्सिडीज घेतल्या, त्याच्या बातम्या देशभर गाजल्या. मी तेव्हा शाळेत होते. पप्पांनी पेपरमधला तो फोटो बघितला, घडी घातली आणि आमची गाडी धुवायला गेले. असा हा माणूस. गाडीला ‘ती’ म्हणतो, आणि काही झालं तर आधी तिला पाणी, मग आम्हाला.

म्हणूनच मला एक गोष्ट कळत नव्हती. एसीच्या कंट्रोल पॅनेलचा लाइट जाऊन दोन वर्षं झाली होती. रात्री गाडीत बसलं की पंखा कुठे, थंड-गरमची नॉब कुठे, काचेवर हवा कशी मारायची, काही दिसायचं नाही. आई मोबाइलचा टॉर्च लावायची आणि पप्पा तिच्यावर ओरडायचे, ‘बंद कर तो, समोरचं दिसत नाही.’ बल्ब टाकून आणा म्हटलं की उत्तर ठरलेलं : ‘हाताला सवय आहे गं. बल्ब काय करायचाय?’ एक ओरखडा पडला तर रात्रभर न झोपणारा माणूस बल्बसाठी दोन वर्षं टाळाटाळ करतो, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं. पण माझ्या डेडलाइन्स, माझे क्लायंट, माझे रिटर्न्स... असो.

गिफ्टसाठी डोकं खाजवत होते, तेव्हा एका रात्री रील्स बघता बघता दिसलं. कुणीतरी आपल्या जुन्या गाडीचे सगळे पिवळट बल्ब काढून तिथे एलईडी लावले होते. स्विच दाबला आणि डॅशबोर्ड असा उजळला, की विमानाचं कॉकपिट. सॉलिड! रंग : आइस ब्लू. लगेच ऑर्डर दिली. टी-५ ची दहा, टी-१० ची चार नगं. सगळं मिळून साडेतीनशे रुपये. एकसष्टीला शाल-श्रीफळ तर सगळेच देतात.

शनिवार मुद्दाम निवडला. गुरुवारी छावणीत आठवडी बाजार असतो, त्या दिवशी गल्लीत गाडी उघडून बसायचं म्हणजे शेळ्या डिकीतून आत येतील. रविवारी खुलताबादला मामाकडे जेवण होतं. पप्पांना आईबरोबर किराणा आणायला पिटाळलं आणि मी दहाचा पाना घेऊन बॉनेट उघडलं.

पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. हे मला कोपऱ्यावरच्या वायरिंगवाल्या चाचांनी सांगितलं होतं. चाचा म्हणजे आमच्या गल्लीचं आयआयटी. मी त्यांच्याकडे पाकीट घेऊन गेले तेव्हा त्यांनी एक एलईडी चिमटीत धरून उन्हात बघितला, जसं सोनार बघतो. मग म्हणाले, ‘सब बदल ले बेटा. लेकिन वो बॅटरी का बल्ब नक्को छेड.’

मीटरमधला तो लाल बॅटरीचा दिवा आहे ना, चावी फिरवली की लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो, तो. मला वाटायचं तो नुसता इशारा देतो. पण बऱ्याच जुन्या गाड्यांत तो बल्ब स्वतः कामाला असतो. अल्टरनेटरला जाग यायला सुरुवातीला थोडा करंट लागतो आणि तो त्या बल्बच्या तारेतून जातो. तिथे एलईडी लावला की त्यातून करंट जातो अगदी किंचित. मग अल्टरनेटर उठतच नाही, बॅटरी चार्ज होत नाही आणि दोन दिवसांनी सकाळी आपण गाडीला धक्का मारत असतो. आमच्या गाडीत नेमकं कसं आहे, हे चाचांनी सांगितलं नाही. ‘रिस्क कायकू?’ एवढंच. एअरबॅगच्या दिव्याला आणि त्याच्या पिवळ्या कपलरलाही हात लावायचा नाही, असा दुसरा हुकूम. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीच, त्यामुळे तो पाळायला सोपा गेला.

मग खरी गंमत. नॉबला कापड गुंडाळून सरळ बाहेर ओढायची. पहिली निघाली तेव्हा माझा आत्माच निघाला, कारण आवाज नक्की काहीतरी तुटल्याचा होता. नव्हतं तुटलं. पॅनेलची कड सोडवायला स्क्रू-ड्रायव्हर वापरायचा नाही, प्लास्टिकला कायमचे दात उमटतात. मी एक्स्पायर झालेलं डेबिट कार्ड वापरलं. त्याचा माझ्या आयुष्यातला हा सर्वांत चांगला उपयोग. कड निघाली की चार स्क्रू, आणि पॅनेल तळहाताएवढं पुढे येतं. मागे केबल असतात, त्यामुळे हिसकायचं नाही. हात मागे घालून होल्डर चाचपडायचा, पाव वळसा डावीकडे फिरवायचा, की तो हातात येतो.

बल्ब आला. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, काच आतून काळी पडलेली. १.२ वॉटचा. दोन वर्षं सगळ्यांना अंधारात ठेवणारा हाच तो.

इथून पुढे एलईडीची नाटकं. साध्या बल्बला उलट-सुलट नसतं, कसाही खोचा, लागतो. एलईडीतून करंट एकाच दिशेने जातो. लागला नाही तर काढायचा, उलटा करून पुन्हा खोचायचा. म्हणजे सगळं बंद करण्याआधी बॅटरी जोडून, पार्किंग लाइट लावून बघायचं. मी हुशारी करून आधी सगळे स्क्रू आवळले, मग बघितलं. पाचपैकी तीन बंद! परत नॉबा, परत डेबिट कार्ड, परत चार स्क्रू. तोपर्यंत गल्लीतली पोरं क्रिकेट सोडून माझ्याभोवती जमली होती आणि त्यातलं एक मला ‘दीदी, यूट्यूब पे देखो ना’ असा सल्ला देत होतं.

दुसरं नाटक उजेडाचं. तार तापून पेटणारा बल्ब चहूबाजूंनी उजेड टाकतो आणि मागचं पांढरं प्लास्टिक त्या हिशेबानेच बनवलेलं असतं. एलईडी सरळ नाकासमोर उजेड फेकतो. त्यामुळे पंख्याचं चिन्ह फटफटीत आणि कडेचे थंड-गरमचे ठिपके अंधारात. मी मग एलईडीचं टोक पॉलिश पेपरने घासलं, की जरा धुरकट होऊन उजेड पसरतो. थोडा फरक पडला. जोशात मीटरही उघडला, तिथले टी-१० बदलले. बॅटरीचा दिवा सोडून. चाचांची शपथ.

ह्या निळ्या-पांढऱ्या ठिणगीचा इतिहास मी नंतर वाचला. (पत्रकार आहोत, करून झाल्यावर रिसर्च करतो!) लाल एलईडी निक होलोन्याकने १९६२ मध्येच बनवला होता. पण निळा काही केल्या जमेना. तो जमायला १९९० चं दशक उजाडलं, आणि त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं. आपल्या घरातला पांढरा एलईडी म्हणजेही मुळात निळाच, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. थोडक्यात, नोबेल मिळालेली वस्तू मी पॉलिश पेपरने घासत होते.

संध्याकाळी अनावरण. आईने चक्क औक्षणाचं ताट आणलं. पप्पांना सीटवर बसवलं, स्विच फिरवला आणि अख्खा डॅशबोर्ड निळाशार झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढला, स्टेटसला टाकला, चाळीस हार्ट्स. पप्पा म्हणाले, ‘छान आहे.’ मग पाच सेकंदांनी पुन्हा, ‘छान केलंस.’ स्टिअरिंगवरून हात काढला, डोळे चोळले. मला वाटलं, भावुक झाले.

रविवारी रात्री साडेआठला खुलताबादहून निघालो. गाडी पप्पा चालवत होते, मी शेजारी, आई मागे डब्यांसकट. कागजीपुरा गेलं, घाट उतरायला लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण फार हळू चाललोय. पप्पा हा रस्ता तोंडपाठ असलेला माणूस. त्या दिवशी ताशी तीसने, मान पुढे काढून.

‘हा उजेड कमी होतो का गं?’ त्यांनी विचारलं.

होतो की, स्टिअरिंगशेजारी चाक आहे. त्यांनी फिरवलं, पार शेवटपर्यंत. काही फरक नाही. ह्याचाही फंडा मला नंतर कळला. त्या चाकामागे एक रेझिस्टन्स असतो, तो जुन्या बल्बांच्या करंटच्या हिशेबाने ठरवलेला. एलईडी करंटच इतका कमी खातात, की त्या रेझिस्टन्सला अडवायला काही उरत नाही. चाक फिरत राहतं, उजेड तसाच. आणि तो सगळा उजेड समोरच्या काचेवर उमटला होता. रस्त्याच्या मधोमध, हवेत तरंगणारा एक निळा पंखा. मला तो दिसत होता, पण मी त्याच्या पलीकडचंही बघू शकत होते.

दौलताबादचा अरुंद दरवाजा पार केला. शरणापूर फाट्याच्या पुढे समोरून एक ट्रक अप्पर मारत आला. पप्पांनी डोळे बारीक केले. ट्रक गेला. आणि मला डाव्या बाजूला उसाची ट्रॉली दिसली. बंद पडलेली, निम्मी रस्त्यावर. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, फक्त उसाची पांढुरकी टोकं. मी वाट बघितली, आता ब्रेक दाबतील. आता. आता.

‘पप्पा, ट्रॉली!’

ब्रेक करकचून लागला. मागे डबे आपटले. थांबलो तेव्हा ट्रॉलीतल्या उसाची पानं आमच्या हेडलाइटमध्ये स्पष्ट दिसत होती, मोजता येतील इतकी. बॉनेटपासून चार-पाच हात.

कुणीच काही बोललं नाही. आईच्या मांडीवर आमटी सांडली होती, तिने ते घरी पोचल्यावर सांगितलं. पप्पांनी गाडी थोडी मागे घेतली, बाजूला लावली, पार्किंग लाइट लावले. मग दार उघडून उतरले आणि फिरून माझ्या दारापाशी आले.

‘बेटा, तू चालव.’

लायसन्स मिळून मला नऊ वर्षं झालीत. रात्री हायवेला त्यांनी मला गाडी दिली नव्हती, कधीच. मी पडेगावपर्यंत एक शब्द न बोलता चालवली. निळा पंखा काचेवर तरंगतच होता, आणि मला तो उखडून बाहेर फेकावासा वाटत होता.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं. एकदम नाही, चहाबरोबर, तुकड्यातुकड्याने. वर्षभर झालं होतं. समोरच्या गाडीचे दिवे ‘फुटतात’, म्हणजे दिव्याभोवती काटे-काटे दिसतात, आणि गाडी गेल्यावर थोडा वेळ सगळंच काळं. थर्ड शिफ्टच्या दिवसांत शिकलेली युक्ती ते वापरत होते. समोरून दिवा आला की त्याच्याकडे बघायचं नाही, डाव्या कडेची पांढरी पट्टी धरायची. मीटरचं चाक त्यांनी कधीच पार खाली आणून ठेवलं होतं. आणि एसीचा बल्ब गेला तो बरंच झालं, असं त्यांना वाटलं होतं. गाडीच्या आत जितका अंधार, तितकं बाहेरचं बरं दिसतं.

हे काही त्यांचं खुळ नाही, हो. अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यातल्या पेशींना पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि भगभगीत उजेडाने तो सराव क्षणात मोडतो. या पेशी निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वांत हळव्या, लाल रंगाची त्यांना जवळजवळ दादच नाही. म्हणून पाणबुड्यांत रात्री लाल दिवे लावायचे. म्हणूनच बीएमडब्ल्यूने कित्येक वर्षं डॅशबोर्ड तांबूस-केशरी ठेवला. साब नावाची स्वीडिश कंपनी होती, मूळची विमानं बनवणारी. तिच्या १९९० च्या दशकातल्या गाड्यांत एक बटण असायचं, ते दाबलं की स्पीडोमीटर सोडून बाकी सगळा डॅशबोर्ड काळा व्हायचा. त्याला ती ‘नाइट पॅनेल’ म्हणायची. आमच्याकडे तेच होतं, फुकटात, जळक्या बल्बच्या कृपेने. मी साडेतीनशे रुपये खर्चून ते बंद पाडलं.

त्यात वय. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्यांच्या साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो, असं डोळ्यांचे अभ्यासक सांगतात. बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडत जातं. त्यावर मोतीबिंदू असेल तर आत शिरलेला उजेड धुक्यातल्या हेडलाइटसारखा विखुरतो. दोन दिवसांनी डॉक्टरांनी हाच शब्द सांगितला. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. उजवा जास्त. ‘कधीपासून त्रास होतोय?’ या प्रश्नावर पप्पांनी माझ्याकडे बघितलं, जणू शाळेतला निकाल माझ्यापुढे ठेवायचाय.

मी मनात मोजत होते. लग्नांना संध्याकाळी न जाणं. ‘आज कंटाळा आलाय, तूच रिक्षाने ये.’ स्टेशनवर मला घ्यायला यायचं बंद होणं, आणि मी त्यावर फुगून बसले होते ते. वर्षभर माझ्यासमोर सगळं चाललं होतं. मी पाचशे शब्दांत अनोळखी माणसांची प्रोफाइल लिहिते आणि त्याचे पैसे घेते.

‘सांगितलं का नाही?’ मी गाडीत विचारलं.

‘सांगितलं असतं तर तुम्ही गाडी विकायला लावली असती.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण खरंच लावली असती. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, जुन्या गाड्यांना नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लावायचा घोळ झाला, तेव्हा मीच म्हटलं होतं, प्लेटीवर खर्च कशाला, काढून टाका ती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्लेट बुक केली होती.

पुढच्या शनिवारी परत डेबिट कार्ड बाहेर काढलं. या वेळी पप्पा शेजारी स्टुलावर बसले होते, टॉर्च धरून. मीटरमध्ये जुने बल्ब परत गेले, चारही. त्यांचा पिवळट उजेड चाकाने हवा तेवढा खाली येतो. एसीच्या पॅनेलला चाचांकडून एक तांबूस एलईडी आणला, चपट्या डोक्याचा, उजेड पसरवणारा, त्यातल्या त्यात मंद. तरी पप्पांना जास्त वाटला. मग चाचांनीच त्याच्यावर तपकिरी टेपचा एक पदर लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत. थोडक्यात, दोन शनिवार आणि चौदा एलईडींच्या या अपग्रेडनंतर आमच्या गाडीत एकूण बदललेले दिवे : एक. टेप लावलेला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आता दीड महिना झाला. पट्टी निघाली त्या रात्री जेवणानंतर आम्ही दोघं गल्लीतून नगर नाक्याच्या बाजूला चक्कर मारायला गेलो. पप्पा एका खांबाखाली थांबले. एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. मग पुन्हा.

‘हे दिवे आधीपासून पांढरे होते का गं?’

‘केव्हाचे पांढरे आहेत पप्पा. एलईडी आहेत.’

‘ह्या डोळ्याने पिवळेच दिसतात. आणि ह्याने...’ ते बराच वेळ वर बघत राहिले. ‘तू लावलेले ते निळे, ते असे दिसत होते तुला?’

‘हो. साधारण असेच.’

‘मग चांगले होते की.’ थोडं चालून गेल्यावर म्हणाले, ‘ठेवलेत ना? का टाकून दिलेस?’

ठेवलेत. टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या रिमोटजवळ.

‘राहू दे तिथेच,’ ते म्हणाले.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तोवर रात्री गाडी मी चालवते. ते शेजारी बसतात, पट्टा लावतात, आणि मिटमिट्यापासून पुढे माझ्या प्रत्येक ओव्हरटेकला उजव्या पायाने तिथे नसलेला ब्रेक दाबतात. आई मागून सांगते, ‘अहो, पाय उचला. मॅट फाटेल.’